दोन्ही बाजूंनी

मार्चमध्ये लेस्टरच्या शाळेनं सांगितलं,
मुलं घटली, पैसे घटले,
गणिताची एक बाई जास्त होते.
गणित बरोबर होतं. मीच तपासून पाहिलं.

मग अकरा अर्ज.
प्रत्येकात तेच, 'प्रत्येक मूल शिकू शकतं, असं मला वाटतं',
नवव्या अर्जापर्यंत त्या वाक्याचा रंग
रोज धुतलेल्या गणवेशासारखा उडाला.
नॉटिंगहॅमनं काहीच कळवलं नाही.
डर्बीनं कळवलं: नाही.
कॉव्हेंट्रीत चौघींना बोलावलं
आणि जेवणाच्या सुट्टीआधी दोघींना घरी पाठवलं.
त्यातली एक मी.
बिस्किटं मात्र चांगली होती.

निरंजन रात्री नकाशा उघडून बसायचा.
त्याचं बोट रोज थोडं वर सरकायचं,
थोडं डावीकडे,
एका रात्री समुद्राला टेकलं.
'व्हाइटहेवन,' तो म्हणाला. 'औषधाचं दुकान असेलच तिथे.
माणसं सगळीकडे आजारी पडतात.'
रेवतीनं ताटातला भात तसाच ठेवला.
'मी तेरा वर्षांची आहे, आई,'
जसं काही हे आम्हाला माहीत नव्हतं.
खरं म्हणजे, नव्हतंच.

गाडी किनाऱ्याला चिकटून जाते,
एका खिडकीत पाणी, दुसऱ्या खिडकीत मेंढ्या,
आणि मी मुख्याध्यापिकेचं आडनाव घोकत होते
पोस्लथ्वेट, पोस्लथ्वेट,
चटईला टाचणी टोचली म्हणावं तसं.

वर्ग माझा नव्हता. पंचवीस मिनिटं तेवढी माझी.
मागे तिघं वह्या घेऊन बसलेले.
मी फळ्यावर समीकरण मांडलं
आणि वीस वर्षं म्हणत आलेय तेच म्हणाले,
मिरजेत घाटपांडे सर खडू आपटून म्हणायचे ते:
बाजू बदलली की चिन्ह बदलतं.

खिडकीपाशी कॅलम नावाचा मुलगा,
टाय खिशात कोंबलेला.
'का?' म्हणाला.

पाठाच्या आराखड्यात 'का' नव्हता.
सरांच्याही नव्हता बहुतेक.
मी फळा पुसला, पुन्हा मांडलं.
अरे, खरं तर कुणीच पलीकडे जात नाही.
उडी मारल्यासारखं नुसतं दिसतं.
आपण दोन्ही बाजूंनी सारखंच वजा करतो.
इकडून पाच. तिकडूनही पाच.

'मग ते पाच जातात कुठे?'

मागचे तिघं लिहायचे थांबले.
वेळ संपली.

फोन आला तेव्हा मी फलाटावर होते.
इथली रीत अशी, की तिथल्या तिथे सांगायचं,
हो की नाही.
माझ्या बाबांनी स्थळाकडून सुद्धा
आठ दिवस मागून घेतले होते.
पोस्लथ्वेट बाईंनी तीनदा प्रयत्न केला,
चौथ्यांदा 'क्षीरसागर' जमलं त्यांना,
आणि का कोण जाणे, त्यावरच मी हो म्हणाले.

गाडी समोरून निघून गेली. पुढची तासाभरानं.
तिकिटाच्या पाठीवर मी मांडून पाहिलं:
इकडून वजा, झैनबचं दार, आमच्यापासून दोन घरं सोडून,
जिथे रेवती चप्पल न घालता जाते.
निरंजनचं रविवारचं बॅडमिंटन.
बेलग्रेव्ह रोडवरचा हसमुखभाई,
जो माझ्यासाठी मेथीची जुडी बाजूला ठेवतो
आणि ठेवलीच नव्हती असं दाखवतो.
तिकडून काय वजा होणार,
ते मला लिहिता येईना.
तिकडचं मला अजून काही माहीतच नाही,
एका मुलाचा टाय सोडून.

रेवतीचा मेसेज आला: 'सांगून टाक.'
मी 'हो' लिहिलं, खोडलं.
'घरी येऊन सांगते' लिहिलं, तेही खोडलं.
ओहोटी लागली होती, चिखलात एक होडी
कुशीवर कललेली.

ते पाच कुठे जातात?
कॅलम सप्टेंबरात पुन्हा विचारेल.
विसरणाऱ्यातला दिसत नव्हता.