क्रमांक एक्केचाळीस

कस्तुराबाई व्हनमान्यांना मी दिलेलं पीठ
साध्या पिशवीत होतं, वर नुसता आकडा: ४१.
त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.
चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली
आणि विचारलं, "हिला विरी हाय का?"

विरी.
माझ्या बारा पानी तक्त्यात
खोडमाशीला रकाना होता, खडखड्याला होता,
पाण्याचा ताण, दाण्याचं वजन, फुलोऱ्याचे दिवस.
विरीला नव्हता.

एक्केचाळीसची कोवळी पानं मी स्वतः कुटली होती
सोलापूरच्या प्रयोगशाळेत, उन्हाळ्यात.
यंत्र अठ्ठाविसाव्या फेरीत असताना वीज गेली,
इन्व्हर्टर दोन मिनिटं कण्हला,
आणि रेवणनं फ्रीजवर चाटी गल्लीतली चादर टाकली दुहेरी,
आत कुणाला हीव भरल्यासारखी.
पुन्हा पहिल्यापासून.
रात्री साडेनऊला निळ्या उजेडात
रेघा उमटल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या,
एक्केचाळीसच्या घरात जिथं हवी तिथंच.
म्हणजे माघात काळी भेगाळेल,
ओल हातभर खाली जाईल,
तरी हिची पानं हिरवी.
म्हणजे ताट पोकळ होऊन आडवं पडणार नाही.
मी वहीत लिहिलं: उत्तम. खाली दोन रेघा ओढल्या.
सव्वीसच्या घरात अंधार होता.
लिहिलं: रद्द.

आता मंगळवेढ्याच्या अलीकडं, या पत्र्याच्या स्वयंपाकघरात
काठवटीत पिठाचं आळं, त्यात उकळतं पाणी.
कस्तुराबाई तळहाताच्या टाचेनं मळत राहिल्या,
नेहमीपेक्षा जास्त वेळ, हे मलाही कळलं.
थापली. कडेला चिरली.
बोट ओलं करून चीर सांधली, ती शेजारी चिरली.
तव्यावर पडून राहिली, फुगली नाही.
"पोर कामाची हाय," त्या म्हणाल्या,
"उन्हाला भीत न्हाई, किड्याला भीत न्हाई.
पर हाताशी बोलत न्हाई."

बोलत नाही म्हणजे? मी पेन काढलं.
त्यांनी पेन बाजूला ठेवून
उंडा माझ्या हातात दिला.

माझ्याशीही नाही बोलली.

बाहेर कडब्याच्या पेंढ्या ओळीनं मांडलेल्या,
प्रत्येकीला चिठ्ठी; रद्दवालीला लाल सुतळी,
वजन करून टाकून देण्यासाठी.
त्यांच्या दिराची म्हैस दावं सोडवून आली,
एक्केचाळीस हुंगली, सोडली.
अडतीस सोडली.
लाल सुतळीवाली बुडख्यापर्यंत खाल्ली, सुतळीसकट,
आणि उरलेली चिठ्ठी चाटत उभी राहिली.

"ही कुठली?"
"ती रद्द झालीय."
"कुनी केली?"

मी काही बोलले नाही.
कस्तुराबाई उठल्या, उतरंडीमागून एक डबा काढला.
खळ्यावर रद्दवाल्या कणसांतलं ओंजळभर
त्यांनी आधीच झाडून ठेवलं होतं,
दळूनसुद्धा.
ती भाकरी मी एसटीत खाल्ली, दुसऱ्या दिवशी,
तेलचटणीबरोबर, कामती मागं पडल्यावर.
पापुद्रा कागदासारखा सुटला. मऊ होती अजून.
खोडमाशी हिला पंधरा दिवसांत खाऊन टाकते,
तेही खरंच आहे.

यंदा थंडीत, दिवस कलताना,
मी चिमट्यानं एक्केचाळीसचे पुंकेसर काढते,
फूल दुखावू न देता, एकेक, मान मोडेस्तोवर.
कणसावर खाकी पिशवी, टाचणी.
सकाळी नऊच्या आत सव्वीसचा पराग झटकायचा.
चिठ्ठीवर: ४१ × २६, तारीख, माझी सही.
हातानं आखलेला एक रकाना, अजून कोरा.

किती दिवस, कस्तुराबाईंनी फोनवर विचारलं.
सहा-सात हंगाम, मी म्हटलं, जमलं तर.
पलीकडं बराच वेळ फक्त थापण्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, "म्हशीला सांगते."

एक चिमणी पिशवीवर बसते,
चोच मारते, कागद वाजतो.
पुन्हा मारते.