नॉन-रिटर्न

फहाहीलच्या दवाखान्यात, पडद्यावर माझं हृदय:
माशाच्या कल्ल्यासारखं उघडमीट.
लाल पुढे जातं, आणि दर ठोक्याला
एक निळी धार मागे.
"लीक आहे," डॉक्टर हानी म्हणाले.
"धार, की थेंब थेंब?"
शायनी सिस्टर हसली. मी नाही.
बावीस वर्षं समुद्र गोडा करायच्या प्लांटवर
मी हेच विचारत आलोय.

त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
गोळ्यांनी भार उतरेल, गळती थांबणार नाही.
(म्हणजे खाली बादली. कळलं.)
शिवता आली तर शिवू, काठाला कडं बसवू,
झडप तुमची तुम्हालाच राहील.
नाहीतर बदलू. धातूची जन्मभर टिकते,
पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज,
आणि रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते.
आमच्या खोलीत सहा जण. शांतता कुठली!
जनावराच्या कातडीची दहा-पंधरा वर्षं.
मांडीतून नळी घालून चिमटाही लावतात,
पण तो ज्यांना छाती उघडणं झेपत नाही त्यांना.
मी चौपन्नचा. ना इकडचा, ना तिकडचा.
"विचार करा," म्हणाले, "पण हृदय फुगेपर्यंत नको."

मुकादम म्हणाला, "कुठलं जनावर, विचारलंस?
गाय असेल तर तुझी पंचाईत, डुक्कर असेल तर माझी."
"छाती माझी आहे, इक्बाल."
"खोली तर एकच ना,"
आणि त्यानं माझी आमटी वेगळी काढली,
मीठ घालायच्या आधी.

कुंदाला फोन केला. तिनं एवढंच विचारलं,
"म्हणजे आता परत येणार?"
आवाजात भीती होती, आणि खोटं कशाला बोलू,
थोडा आनंदही.
मी इकाम्याची तारीख सांगितली.
माझ्या आत काहीतरी
दर ठोक्याला थोडं थोडं परततच होतं,
हे नाही सांगितलं.

रात्रपाळीला तीन नंबर पंपाची झडप खोलली.
पाणी पुढे सोडायचं, मागे येऊ द्यायचं नाही,
एवढंच तिचं काम.
दिवसातून लाखदा दार लावायचं म्हटल्यावर
बिजागरी कधीतरी सैल होणारच.
स्टोअरमधून नवी आणायला पोरगा निघाला होता.
थांब, म्हटलं.
जुनी चिंधीनं पुसली,
उजेडासमोर धरली,
आणि काठावरून अंगठा फिरवत राहिलो.