शड्डू

सांबऱ्याच्या विमानतळावर मी जिन्याचा माणूस.
विमान थांबलं की चाकांचा जिना ढकलत न्यायचा,
दाराला टेकवायचा, ब्रेक लावायचा
आणि बाजूला उभं राहायचं.
अकरा वर्षांत त्या जिन्यावर मी
फक्त पुसायला चढलो.

दिवाळीपर्यंत नीलपंखची चार विमानं यायची.
मग दोन. मग एक, तेही मंगळवार सोडून.
पगार तेव्हापासून अडकला.
कॅन्टीनच्या बसवणेप्पानं वहीतलं माझं पान भरलं म्हणून
नवं पान काढलं. बोलला काहीच नाही.

आणि माघात, मुचंडीच्या रानात,
सात वर्षं बंद पडलेलं कुस्तीचं मैदान भरलं.
कमानीवर कन्नडात मोठ्ठं, मराठीत त्याखाली बारीक:
नीलपंख केसरी.
पाच लाख दिले म्हणे कंपनीनं.

आम्ही जिनेवाले सहाजण, तीन-तीन महिन्यांचे.
सातेरीनं तंबाखूच्या पुडीवर हिशेब मांडला,
अडीच लाख आणि वर थोडे.
"म्हंजे अर्धी कमान आमचीच की!"
हसलो. दुसरं काय करणार.

शेणॉय मॅनेजरांना विचारलं, भीत भीतच.
ते म्हणाले, "लुमाण्णा, अंधारातल्या दुकानात शिरतं कोण?
लोक तिकीट दोन महिने आधी काढतात.
दोन महिन्यांनी आपण असू, असं त्यांना वाटायला नको?"
खोटं नव्हतं त्यांचं.
खरं त्यांच्याही बुटाचा तळ डिंकानं चिकटवलेला होता.

लहानपणी मी दोन हंगाम तालमीत काढलेत.
आमचे वस्ताद भरमा घुग्रेटकर सांगायचे,
शड्डू दोन जातीचा.
एक दमातनं येतो, पलीकडच्या शिवारात ऐकू जातो.
दुसरा भ्यानं येतो, त्यानं आपलीच मांडी लाल होते.
"लांबनं दोन्ही सारखेच रे.
फरक कळतो तो हाताला हात लागल्यावर."

मैदानाच्या दिवशी मला निळं जाकीट घातलं,
फ्लेक्सचा बांबू धरायला उभं केलं, वारं फार होतं म्हणून.
जिन्यापेक्षा जड लागला तो बांबू.
हलगी कडाडली. येळ्ळूर, कडोली, कंग्राळी,
गोकाककडचे पैलवान, त्यांची कन्नड आरोळी,
बाया चिंचेखाली, पोरं ट्रॅक्टरच्या टपावर,
मंडक्कीची पोती दुपारीच रिकामी.
आणि बेळगुंदीच्या रवळूनं, खांदा उतरलेला असताना,
हल्याळच्या गड्याला घिस्सा मारून आकाश दाखवलं
तेव्हा मीही बांबू सोडून टाळ्या पिटल्या,
कमान कलली, शेणॉय ओरडले.
पगार आठवला नाही. अर्धा तास तरी नाही.

रवळूला गदा मिळाली
आणि बंगळूरचं जाऊन-येऊन तिकीट, शिमग्यानंतरचं.
आम्हाला एका महिन्याचे पैसे आले. दोन राहिले.
ते कमानीत गेले, की तेलात, की कुठल्या बँकेत,
मला कळलेलं नाही, सातेरीला कळलंय असं तो म्हणतो.

तिकिटाच्या दिवशी रवळू गेटवर आला,
इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल, हातात कुंद्याचा डबा.
नीलपंख सोमवारीच बसली होती,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
"मग फुडचं कधी?"
मी कुंपणापलीकडे बोट केलं.
धावपट्टीच्या कडेला माझा जिना,
ब्रेक लावलेला, वरच्या पायरीवर दोन साळुंक्या,
पुढं नुसतं ऊन.

बराच वेळ बघितलं त्यानं.
मग म्हणाला, "मामा, मैदान चांगलं झाल्तं न्हवं?"
"झाल्तं की," मी म्हणालो.

कुंदा आम्ही बसस्टॉपवर बसून खाल्ला.
कुणासाठी नेत होता, विचारलं नाही.