ऋण उत्तर

कोनाक्रीच्या विमानतळावर, वाहनतळात,
सातव्या खांबाखाली उजेड दाट पडतो.
वस्तीतली वीज गेली की पोरं इथं येतात,
पुठ्ठे अंथरतात,
आणि सोरिबा पावतीपुस्तक खिशात कोंबून
गाड्यांच्या मधून वाट काढत येतो.

"काय अडलंय?"

बहुतेकांचं तेच अडलेलं असतं.
"पक्षांतर केलंस, चिन्ह बदललं नाहीस.
इकडचा तिकडे गेला की
अधिकचा उणे होतो, बाबा,
हे तर मंत्र्यांनाही ठाऊक आहे."
हसतात. केर्फाला खोडरबर घासतो.
नाबीनं संकलन केलंय, शेवटी स्थिरांक नाही.
"अधिक सी.
काय पुसलं गेलं ते कळत नसेल,
तरी काहीतरी होतं, एवढं लिहायचं."
हे तो पावतीच्या पाठीवर लिहून देतो;
पुढच्या बाजूला: टोयोटा, दोन तास, पैसे मिळाले.

तेनिनचं गणित गच्चीवरचं.
पन्नास मीटरवरून चेंडू सरळ वर फेकला,
वेग पंधरा, गुरुत्व दहा धरा. जमिनीवर केव्हा?
अवयव नीट पाडलेत तिनं:
टी बरोबर पाच, किंवा उणे दोन.
"उणे दोन खोड. काळ ऋण नसतो."
त्याच्या मास्तरांनी त्यालाही असंच सांगितलं होतं.
त्यानं खोडलं होतं.

"पण ते आलं कुठून?"
तिनं पेन्सिल उचललीच नाही.
"माझं कुठे चुकलं नाही ना?
मग समीकरण खोटं कशाला बोलेल?"

पॅरिसचं विमान धावपट्टीवर आलं,
कुणी मान वर केली नाही.
एका टॅक्सीनं हॉर्न दिला. सोरिबा गेला.

रात्रभर फाटकापाशी तो मागे मागे मोजत राहिला.
उणे एक.
उणे दोन: उंची शून्य, वेग पस्तीस.
पहाटेच्या अजानआधी तीनदा पडताळलं.

दुसऱ्या रात्री, पुठ्ठा अंथरायच्या आतच, म्हणाला,
"तेनिन, खोडू नकोस ते.
आपण गच्चीवर होतो, म्हणून आपल्याला वाटलं
इथूनच सुरू झालं.
पण दोन सेकंद आधी
खाली, जमिनीवर उभं राहून
कुणी तो पस्तीसच्या जोरानं भिरकावला असता,
तरी गच्चीपाशी तो असाच
पंधरानं वर चाललेला दिसला असता."

ती बराच वेळ आकृती बघत राहिली.
मग म्हणाली, "परीक्षेत काय लिहू?"

"परीक्षेत पाच लिही,"
सोरिबा म्हणाला,
आणि उणे दोनभोवती पेन्सिलीनं
हलकं वर्तुळ काढलं.