शेकडा एक

आमच्यात देश निवडायचा म्हणजे
स्थळ बघितल्यासारखंच झालं.
कुणी पगार विचारला, कुणी थंडी.
मामा म्हणाला, आधी पाणी कसं आहे बघ,
पंचगंगेचं प्यायलेल्याला
बाकी सगळं अळणीच लागतंय.

उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान, एका शटरचं.
बाबा लाकडाचा पंप करतात, लाकडाचा गिअरबॉक्स,
समोरच्या फौंड्रीत वाळूत त्याचा ठसा,
ठशात लोखंड,
आणि लाकूड परत आमच्या फळीवर, नंबर घालून.
जळक्या वाळूचा वास
माझ्या ओढणीला कॉलेजातही असायचा.

यादी मी बिलबुकाच्या मागं केली.
कॅनडात धैर्यशील आहे,
रात्रपाळीला गोदामात खोकी लावतो.
फोनवर पहिलं विचारतो, पेठेची मॅच काय झाली,
आणि उत्तर ऐकायच्या आत त्याची सुट्टी संपते.
कॅनडावर मी काट मारली नाही.
पेन नुसता तिथं टेकवून ठेवला,
शाईचा ठिपका वाढत गेला.
न्यूझीलंड आईला पसंत, दुधाचा देश म्हणे.
पण गंगावेशीत म्हैस समोर पिळून
फेसासकट पेला हातात देतात
तसं तिथं देतात का,
हे एजंटला सांगता येईना.
जपानची अक्षरं तीन प्रकारची. राहू दे.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, दाताच्या दवाखान्यावर
नऊ महिने जर्मन शिकले.
त्या भाषेत टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी
आणि मुलगी नपुंसकलिंगी.
कादंबरी मॅडमनी सांगितलं तसा वर्ग हसला.
मला नवल वाटलं नाही.
गिऱ्हाइकाला बाबाही सांगतात,
ड्रॉइंग ठेवून जावा, माझं पोरगं बघंल.

बाबांची एक पितळी पट्टी आहे.
तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून केसभर मोठा.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
शेकडा एक,
म्हणून लाकूड आधीच तेवढं वाढवून कापायचं.
एका रात्री मी नकाशावर चुकून तीच लावली,
कोल्हापुरापासून वर, तिरकी.
बाबा मागून म्हणाले,
"ती नगं घेऊ. तिच्यानं अंतर कमी भरतंय."
मग पट्टीकडं हात केला, आणि मागं घेतला.
"असू दे. तेवढंच कमी."

माझी उंची पाच फूट दोन.
शेकडा एक म्हणजे अर्ध्या इंचाला थोडं वर.
थंड देशात निवताना
तेवढं जाणार असेल,
तर तेवढी मी जादा
कुणी कापून ठेवलीय का,
विचारायचं राहिलं.

शेवटी ऑस्ट्रिया.
का, म्हणून सगळे विचारतात, मी पगार सांगते.
खरं कारण असं की मुलाखत घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या
चष्म्यावर भुसा होता.
स्क्रीनवर तो मला दिसत होता, त्याला दिसत नव्हता.
बाबांनाही कधी दिसत नाही,
आई पदरानं पुसते तेव्हा
"काय गं," म्हणून वैतागतात.

आता सगळी गल्ली ऑस्ट्रेलियाचं अभिनंदन करते.
चहाच्या गाड्यावर बाळू म्हणाला,
"झाली की वो मालक, क्रिकेट बघायची सोय."
बाबा, जे फेब्रुवारीला आजही फेब्रवारी म्हणतात,
ज्यांनी माझ्या कॉलेजचं नाव
चार वर्षांत एकदाही धड घेतलं नाही,
त्यांनी बशी खाली ठेवली.
"लिया न्हवं, बाळू.
ऑस. ट्रि. या.
रिया."

मला माहीत नव्हतं.
कुठं, कुणापुढं घोकलं असेल त्यांनी?
फळीवरच्या त्या सगळ्या लाकडी पंपांपुढं,
शटर ओढून घेतल्यावर?