बॅगेत, हरवली

अ‍ॅप बनवणाऱ्यांनो,
तुमच्या सूचनेच्या चौकटीत पाचशेच अक्षरं मावतात,
म्हणून तुकड्यातुकड्यानं पाठवते आहे.
मी पिओरियाची. इलिनॉय.
एकवीस वर्षं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या गोदामात.
एक वॉशर कमी भरला तर मला झोप लागत नसे,
तेव्हा नोंदींबद्दल थोडं बोलू द्या.

खेळ तुम्ही नीट मोजता.
कितव्या फेकीला साखळ्या वाजल्या,
बास्केटपासून किती फूट लांब पडली,
वारा कुठला.
पण जी हातातून सुटते तिचं काय?
माझ्या बॅगेत अकरा डिस्क,
आणि तुमच्याकडे त्यांच्यासाठी दोनच खाती:
बॅगेत. हरवली.

वजनाला जागा द्या, एकशे बहात्तर ग्रॅम वगैरे.
प्लॅस्टिक कुठलं, तेही.
आणि झीज.
नवी असताना हट्टानं डावीकडे वळणारी
ओक-मेपलांवर आपटून आपटून
एका सकाळी सरळ जायला लागते.
त्या सकाळची तारीख टाकायला तुमच्याकडे रकाना नाही.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात.
दुकानदार विचारतो, काय घालू?
आपण सांगतो, तो किर्रर्र करत कोरतो.
माझ्या दुधाच्या पातेल्यावर अजून आहे:
'सौ. शैलजा हिस, डोंगरे मावशींकडून,
डोहाळेजेवण, ७-२-९९.'
मावशी गेल्या. पातेलं इथं
इलेक्ट्रिक शेगडीवर दूध उतू घालतं.
कोणी, कोणाला, कशाबद्दल, कधी.
चार रकाने, आणि एकदाही अपडेट मागितलं नाही.

डिस्कच्या पोटावर मार्करनं फोन नंबर लिहितात
ते हेच, फक्त घाईत.

आता मूळ मुद्दा.
जांभळी डिस्क माझी नाही.
ऋजुता पोर्टलंडला गेली तेव्हा गॅरेजात राहिली,
बर्फाच्या फावड्यामागे.
मी न विचारता घेतली. तिला कळवलं नाही.
कळवाकळवी तेव्हा आमच्यात
वाढदिवसापुरतीच उरली होती.

सातव्या होलच्या तळ्यात मीच घातली ती.
गुडघाभर पाण्यात मी, हातात दंताळं,
काठावरून ड्वेन हॉस्टेटलर दिशा सांगतोय:
थोडं डावीकडे, नाही, तुझ्या डावीकडे.
त्याच्या मिशांवर डोनटची साखर.
अंधार पडला. घरी येऊन
तुमच्या अ‍ॅपात 'हरवली' दाबलं.
तुम्ही विचारलंत, नक्की?
या प्रश्नाबद्दल खरं तर वेगळी सूचना पाठवायला हवी.

पुढच्या ऑगस्टात तळं आटलं.
पीकिनच्या एका पोराला, कोर्टलंड त्याचं नाव,
ती चिखलात उभी रुतलेली सापडली.
नळाखाली धुतली, नंबर लावला.
नंबर तिचा.
आणि सहा आठवड्यांनी माझा फोन वाजला,
नमस्कार नाही, कशी आहेस नाही:
"आई, तू डिस्क गोल्फ खेळतेस?"

चाळीस मिनिटं बोललो.
पहिली वीस तळ्याबद्दल.

कोर्टलंडकडे गेले तेव्हा शंकरपाळ्यांचा डबा नेला.
महिन्याभरानं डबा परत आला,
आत त्यांच्या परसातले टोमॅटो, कागदात गुंडाळलेले.
रिकामं भांडं परत करू नये
हे त्याच्या घरी कुणी सांगितलं असेल?
यासाठी रकाना मागत नाही.
कशाकशाला मागणार.

पण एक तिसरं खातं द्याच.
गोदामात आमच्याकडे होतं: 'वाटेत'.
म्हणजे तिकडून निघालंय, इकडे पोचलेलं नाही,
फळीवर हात लावायला मिळणार नाही,
तरी मोजायचं आपल्यातच.
वर्षाअखेरीला साहेब विचारायचे,
हा माल नक्की कुठे आहे?
मी म्हणायचे, सर, वाटेत.
आणि ते सही करायचे.

जांभळी सध्या माझ्या बॅगेत आहे.
ऋजुता म्हणाली, राहू दे, थँक्सगिव्हिंगला येईन.
येईल असं वाटतं. तिकीट काढलेलं नाही.

शेवटचं, आणि हे आधी दुरुस्त करा:
मी डिस्कचं नाव 'घार' असं लिहिलं
की तुमच्याकडे नुसते रिकामे चौकोन दिसतात.