नऊ युनिट

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर
सात खात्यांचे डेटाबेस
एका पडद्यावर आणायचे काम माझे.
मडगावचा सर्व्हर कण्हतच जोडला गेला.

मग भेटला पुंडलीक गावस, वाळपई.
पोर्तुगीज जन्मनोंदीत पुंडोलिका,
एक-चौदाच्या उताऱ्यात नुसता 'पुंडो, मुंडकार',
आरोग्य खात्यात मृत, दोन हजार अकरा,
आणि वीज खात्यात
दरमहा नऊ युनिट, बिल वेळेवर.

यंत्र विचारते : एकच व्यक्ती?

हो म्हटले की त्याचे मरण
सगळीकडे पोचेल,
रात्रीच्या आत, लाइनमनपर्यंत.

नऊ युनिट म्हणजे
एक बल्ब, फार तर रेडिओ.
कोण बसते त्या उजेडात?

सायंकाळी अहवालात लिहिले :
जोडणी पूर्ण. एक नोंद प्रलंबित.
कारण : नावाचे स्पेलिंग.